निनावी, चौऱ्याऐंशी

४ मार्च, सोमवार

दुकानाच्या हवेत आज एक नेटवर्क सापडलं, ज्याला नाव नाही. म्हणून ही वेगळी वही. नेहमीच्या वहीत काचांचे नंबर असतात, त्यात संशय लिहायला रकाना नाही.

आधी क्रमाने. खाली दुकान, वर घर. धाकटा भाऊ गिऱ्हाइकांचे डोळे तपासून नंबर काढतो, मी काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. अकरा वर्षं हेच चाललंय. गेल्या दोन महिन्यांत आमची सहा जुनी गिऱ्हाइकं गेली. कोपऱ्यावर चष्म्यांचं मोठं दुकान उघडलं, ते दुसरं काय होणार, असं सगळे म्हणतात. मी मात्र नोंदी काढून पाहिल्या. सहाच्या सहा जणांची डोळे पुन्हा तपासून घेण्याची वेळ याच दोन महिन्यांत येत होती. हे कोपऱ्यावरच्याला कुणी सांगितलं? यादी फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. ती कोणीतरी वाचतंय.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. ते मला कुणी शिकवलेलं नाही. पानं छापून आणली, एकेक आज्ञा टंकली, चुकलो, पुन्हा टंकली. चार वर्षं. आज दुपारी अडीच वाजता काळ्या खिडकीत लिहिलं:

sudo iw dev wlan0 scan

आसपासची सगळी वायफाय या आज्ञेने ओळीत उभी राहतात, प्रत्येकाचा पत्ता, नाव आणि ताकदीचा आकडा. आणखी एक सोपी आज्ञा आहे, ती ताकदीच्या चार काड्या काढून दाखवते. ती हौशी लोकांसाठी. मला आकडा लागतो.

बारा निघाली. अकरांना नावं होती. बाराव्याची नावाची जागा कोरी, पत्त्याचा शेवट 7c:e1. नाव लपवण्याची सोय यंत्रात असते, हे मला माहीत आहे. पण ती वापरायची गरज कुणाला पडते, हा प्रश्न आहे. मी त्याला 'निनावी' म्हणणार.

५ मार्च, मंगळवार

आकड्यांबद्दल एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. प्रत्येक आकड्याआधी यंत्र एक आडवी रेघ देतं. उणे. नवखा माणूस तिथेच गडबडेल. आमचा अर्धा धंदा उण्यावर चालतो. उणे दोनची काच पातळ, उणे आठची बाटलीच्या बुडासारखी. आकडा मोठा तशी ताकद मोठी, रेघ फक्त काच कुठल्या जातीची ते सांगते. म्हणून वहीत रेघ लिहीत नाही, आकडाच लिहितो.

तर आमचं स्वतःचं वायफाय, जे गल्ल्याच्या मागे माझ्यापासून तीन फुटांवर आहे, ते भरतं फक्त २९. समोरच्या रांगेतल्या दवाखान्याचं ७७. आमचं यंत्र अगदीच अशक्त झालंय. नेट रखडतं ते उगाच नाही.

७ मार्च, गुरुवार

वायफायचं यंत्र हलवून पाहिलं. फळीवर ३३. दाराच्या वर ४१. शेवटी मागच्या खोलीत, काच घासायच्या यंत्रापलीकडे, पत्र्याच्या कपाटामागे ठेवलं, तर गल्ल्यावर आकडा ६३ वर गेला. दुपटीहून जास्त. एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ही वरून खाली आली. "अहो, काय केलंत? ताईशी बोलत होते तर तिचा अर्धाच चेहरा दिसतोय. तोंड हलतंय, आवाज पुढच्या आठवड्यात येईल बहुतेक."

"ताकद वाढवली आहे," मी म्हणालो.

"मग जरा कमी करा."

धाकटा चष्मे पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, होतं तिथेच बरं होतं ते."

"तुला कळतं यातलं?"

"नाही. मी आपलं म्हटलं."

ताकद ६३ आणि तरी नेट पूर्वीपेक्षा मंद. याचा अर्थ एकच. कोणीतरी ओढून घेतंय.

९ मार्च, शनिवार

शाळेतल्या बाई आल्या होत्या, अकरा वर्षांपासूनच्या. धाकट्याने डावा नंबर काढला उणे सव्वादोन. चिठ्ठी माझ्याकडे आली, मी बाईंना पुन्हा खुर्चीत बसवून नेहमीसारखं पडताळून पाहिलं. सव्वादोनच निघाला. त्याचा नंबर बरोबरच असतो, पण बरोबर आहे हे पडताळल्याशिवाय कळणार कसं?

बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघे भाऊ एकच डोळा दोनदा बघता. कोपऱ्यावर एकदाच बघून सोडतात."

कोपऱ्यावर काय करतात हे बाईंना ठाऊक आहे. नोंद केली.

धाकटा तेवढ्यात एक स्वच्छ काच पुसायला लागला. मी म्हणालो, ती पुसलेली आहे. तो म्हणाला, माहीत आहे.

१२ मार्च, मंगळवार

दर पाच मिनिटांनी लॅपटॉपने आपणहून हवा चाळावी आणि निनावी दिसलं की वेळ लिहून ठेवावी, अशी दहा ओळींची व्यवस्था शनिवारी रात्री लिहिली. दहापैकी सात ओळी पहिल्या फटक्यात चालल्या. तीन दिवसांचा हिशेब स्वच्छ आहे. निनावी उगवतं दोन वाजून पाच मिनिटांनी, मावळतं साडेतीनला. रविवारी अजिबात नाही.

दोन ते साडेतीन दुकान बंद असतं. मी वर जेवतो, अर्धा तास पडतो. हे ज्याला माहीत आहे, तो जवळचाच असणार.

धाकटा हल्ली डबा खालीच खातो. त्याला विचारलं, "दुपारी समोर कुणी घुटमळताना दिसतं का?"

"कोण घुटमळणार? कुत्रंसुद्धा झोपलेलं असतं."

"तू लक्ष ठेव."

"मी आत डोळे मिटून पडतो, दादा," असं म्हणून त्याने बाहीची घडी सरळ केली. हल्ली रोज इस्त्रीचा शर्ट घालतो. डोळे मिटून पडायला इस्त्री कशाला, असं मी म्हणालो, तर हसला.

१५ मार्च, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष. सव्वादोनला जेवण अर्धं टाकून खाली उतरलो. लॅपटॉप फ्रेमच्या रिकाम्या खोक्यात, झाकण किलकिलं. पायऱ्या मोजत, प्रत्येक जागी तीनदा आज्ञा देऊन, मधला आकडा धरून टिपलं:

तपासणीच्या खोलीचं दार, ३१. गल्ला, ३८. आमची पायरी, ४९. रस्त्याचा मध्य, ५८. पलीकडचा पदपथ, ७१. घड्याळवाल्याच्या दुकानात, अर्ध्या शटरखालून वाकून आत, मागच्या भिंतीशी, ८४; तो खुर्चीत डोळे मिटून पडलेला. त्याच्या मागच्या बोळात गेलो तर निनावी दिसेनासंच झालं. म्हणजे ते त्याच भिंतीच्या आत कोंडून ठेवलंय.

सगळ्यात कमी आकडा आमच्याच तपासणीच्या खोलीच्या दारापाशी, हे पाहून बरं वाटलं. निदान आपलं घर स्वच्छ आहे. दार लावलेलं होतं. आतून धाकट्याचा आवाज येत होता, "हो सर, नक्की सर." लहानपणीही झोपेत बोलायचा.

घड्याळवाला. बावीस वर्षं समोर आहे. मी त्याला काटेराव म्हणतो, तो मला भिंगराव. त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा माझ्या हातचा आहे. वाईट वाटलं, पण आकड्यांना मैत्री कळत नाही. आता आठवतं, मागच्या आठवड्यात तो कोपऱ्यावरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला होता. हातात काहीतरी गोल, फडक्यात गुंडाळलेलं.

संध्याकाळी धाकट्याने नसता उद्योग काढला. "दादा, नंबर काढायच्या यंत्रावर तू बस. मी गिऱ्हाईक होतो. पूर्ण तपासणी तू एकट्याने कर."

"पडताळतो की रोज."

"पडताळणं वेगळं. सुरुवातीपासून कर."

तासभर करून घेतलं माझ्याकडून. तीनदा म्हणाला, जमतंय तुला. काम टाळायचं असलं की माणूस असं गोड बोलतो.

१८ मार्च, सोमवार

काटेरावाला सहज गाठून विचारलं, "नेट कसं चाललंय तुझं?"

"माझ्याकडे कुठलं नेट? कोपऱ्यात कोळ्याने घातलंय तेवढंच जाळं. ते मात्र जोरात चालतं, रोज दोन माश्या."

"दुपारी काय करतोस?"

"शटर अर्धं ओढून झोपतो. तुला काय वाटलं, घड्याळं मोजतो?"

बघा किती सफाईने बोलतो. आणि शटर अर्धं. पूर्ण ओढलं तर संशय येईल.

जेवताना हिला सगळं सांगितलं. तिने भाजीचं भांडं खाली ठेवलं. "बावीस वर्षांत त्या माणसाने तुमचा एक स्क्रूसुद्धा न विचारता घेतला नाही."

"त्याला स्क्रू नकोच होते."

"अहो, आधी भावजींना विचारा. ते दुपारी खालीच असतात."

"विचारलं. तो झोपलेला असतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

२० मार्च, बुधवार

जे झालं ते झालं तसंच लिहितो.

अकरा वाजता काटेराव चष्म्याची काडी सैल झाली म्हणून आला. शाळेतल्या बाई आपला नवा चष्मा न्यायला बसलेल्या. मी काडी घट्ट केली नाही. वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि ८४ वर बोट ठेवलं.

"हे काय, नंबर? बाप रे, कुणा आंधळ्याचा?"

"तुझ्या मागच्या भिंतीचा. आमची यादी कोपऱ्यावर कशी पोचते ते आता तूच सांग. बावीस वर्षं समोर बसून हेच केलंस?"

आधी त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. हसायला लागला आणि अर्ध्यात थांबला. बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"मी कोपऱ्यावर गेलो होतो," तो म्हणाला, "त्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून. ते अजून माझ्याकडे पडलंय, चल दाखवतो."

"घड्याळ निमित्त आहे. आकडा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो, असं म्हण." काडी सैल असलेला चष्मा त्याने गल्ल्यावर ठेवला. त्याचे डोळे चष्म्याशिवाय मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. लहान दिसतात.

तेवढ्यात धाकटा तपासणीच्या खोलीतून बाहेर आला. वही त्याने आपल्याकडे ओढली. एक पान, दुसरं पान, तिसरं. वायफायच्या यंत्राची पानंसुद्धा पाहिली. एवढा वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, माझं अक्षर सुवाच्य आहे.

"दादा," तो म्हणाला, "आकड्याआधीची रेघ कुठे आहे?"

"ती लिहायची गरज नसते. उणे तो उणे. मोठा आकडा, मोठी ताकद."

"काचेत. हा काचेचा उणे नाही, पाऱ्याचा आहे. उणे तीस अंशांपेक्षा उणे पाच अंश उबदार की नाही? तसं. शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरदार. चौऱ्याऐंशी म्हणजे मरायला टेकलेला आवाज. काटेकाकांच्या भिंतीशी तो जेमतेम पोचत होता, म्हणून बोळात गेल्यावर संपला."

मला वाटतं, त्या क्षणी तो थांबू शकला असता. चूक दाखवून झाली होती. काटेराव सुटला होता.

पण काटेरावानेच विचारलं, "मग सगळ्यात जोरात कुठे?"

धाकट्याने ३१ वर बोट ठेवलं. "इथे. तपासणीच्या खोलीत." मग खिशातून काडेपेटीएवढं एक काळं यंत्र काढून वहीवर ठेवलं. "माझं आहे. चालतंफिरतं वायफाय. दुकानाच्या नेटवर कोण काय करतं ते तू रोज वाचतोस, म्हणून वेगळं घेतलं. यादीबिदी काही नाही, दादा. मी कोपऱ्यावरच्यांशी बोलतोय. नोकरीचं. दुपारी त्यांचं प्रशिक्षण असतं, नेटवरच, दोन ते साडेतीन."

काटेराव उठला आणि गेला. चष्मा तिथेच राहिला. बाई म्हणाल्या, माझा उद्या नेते.

२१ मार्च, गुरुवार

आकडे पुन्हा तपासले. वहीत एकही आकडा चुकलेला नाही. हे लिहून ठेवणं मला आवश्यक वाटतं.

सगळी पानं उलट्या अर्थाने वाचली. वायफायचं यंत्र मी स्वतः जागोजाग हलवून, काळजीपूर्वक, दुकानातल्या सगळ्यात वाईट जागी नेऊन ठेवलं होतं. आज परत गल्ल्यामागे आणलं. वरून हिच्या बहिणीचा आवाज लगेच ऐकू आला, पूर्ण चेहऱ्याचा असावा.

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सांगितलं नव्हतं कुणी. पण भावजी महिनाभर इस्त्रीचा शर्ट घालून झोपतायत. मला वाटलं, तुम्हालाही दिसत असेल." काखेतल्या कळशाची म्हण तिच्या ओठांपर्यंत आलेली दिसली. तिने ती गिळली.

धाकट्याशी दहा मिनिटं बोललो. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यांना हो किंवा नाही सांगायचंय. मी कारण विचारलं. म्हणाला, "तिथे मी नंबर काढला की तो नंबर असतो."

"इथे काय असतो?"

"इथे तो अर्ज असतो."

अकरा वर्षांत मी त्याचे किती नंबर पडताळले आणि किती चुकीचे निघाले, हे नेहमीच्या वहीत आहे. दुपारी काढून पाहिलं. दोन. त्यातला एक गिऱ्हाइकाने उलटा चष्मा धरल्यामुळे.

२२ मार्च, शुक्रवार

काडी घट्ट करून चष्मा घेऊन समोर गेलो. काटेराव डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकला होता. मी उभा राहिलो. तो वर बघेना.

"चूक झाली," मी म्हणालो. मग पारा, काच, उणे हे सगळं समजावून सांगायला लागलो.

"भिंगराव, थांब. माझ्याकडे माणसं येतात, म्हणतात घड्याळ मागे पडतंय. मी उघडून बघतो, तर ते ठणठणीत असतं. माणूसच घरून उशिरा निघत असतो. त्यांना मी काय सांगतो माहीत आहे?"

"काय?"

"काही नाही. पुसून परत देतो. ठेव तो चष्मा तिथे."

ठेवला. अजून काहीतरी बोलेल म्हणून दोन मिनिटं थांबलो. भिंतीवर कोपऱ्यावरच्या दुकानाचं मोठं गोल घड्याळ टांगलेलं होतं, चालू. मी निघालो तेव्हा म्हणाला, "आता माझ्यापाशी काय थांबायचं, धाकट्याकडे बघ."

२५ मार्च, सोमवार

चार वाजता धाकट्याने नंबर काढायच्या यंत्रावर खोळ घातली. म्हणाला, "दादा, मी पाऊण तासाने जाऊन येतो तिकडे."

"काय सांगणार आहेस?"

"काय सांगू?"

तीन दिवस या प्रश्नाची तयारी केली होती. मी म्हणालो, "तुझं वय आहे, तुझ्याकडे हुन्नर आहे. मी आड येणार नाही. तुला जे बरं वाटेल ते कर. दुकानाची काळजी करू नकोस, तू शिकवलंसच मला." एका दमात म्हणालो, कुठेही अडखळलो नाही.

तो म्हणाला, "हो." मग पाणी प्यायला आणि पावणेपाचला गेला.

मोठ्या मनाने वागलो असं वाटत होतं. वर येऊन हिला सांगितलं, शब्दाला शब्द.

ती ओट्याशी होती. हात पुसत म्हणाली, "एवढं सगळं बोललात?"

"हो."

"आणि 'राहा' म्हणालात का?"

"तसं म्हणणं म्हणजे त्याच्यावर दडपण आणणं."

"अहो, महिनाभर तो माणूस तुमच्यापासून एका दाराआड बसला होता. एवढा एक शब्द सोडून तुम्ही त्याला सगळं काही दिलंत."

आता पाच वाजून एकोणचाळीस मिनिटं. कोपरा आमच्या पायरीपासून एकशे ऐंशी पावलं आहे, भराभर चाललं तर दोन मिनिटं. त्याने आधीच सांगून टाकलं असेल. नसेलही. तिथे सगळ्यांसमोर काचेच्या दाराशी उभं राहून काय म्हणायचं, आणि त्याने हसून नाही म्हटलं तर

जातो.

२६ मार्च, मंगळवार

कालचं वाक्य अर्धं राहिलं. पूर्ण करत नाही.

गेलो तेव्हा तो त्यांच्या दुकानातून बाहेर पडत होता. हातात एक पाकीट. मला बघून थांबला, आधी माझ्या पायांकडे बघितलं. मी एक माझी आणि एक हिची चप्पल घालून आलो होतो.

"घरी सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"राहा," मी म्हणालो.

"दादा, मी हो म्हणून आलो. सही केली. एक तारखेपासून."

"कळलं. राहा."

"सही झाली म्हणतोय ना."

"ऐकलं मी. तरी म्हणतोय."

आतून कुणीतरी काचेतून बघत होतं. धाकट्याने पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. म्हणाला, "परत म्हण."

मी परत म्हणालो.

दोघे चालत दुकानाकडे आलो. सही काही पुसली जात नाही, एक तारखेला तो जाणार. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, दुकान बंद झालं का विचारत. धाकटा म्हणाला, नाही, या. खोळ काढली, त्यांना बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू काढ. मी गल्ल्यावर बसतो."

मी नंबर काढला, उजवा उणे दीड, डावा उणे पावणेदोन. पहिल्यांदाच सुरुवातीपासून एकट्याने. चिठ्ठी त्याच्याकडे नेऊन म्हणालो, "पडताळून बघ."

"कशाला?" तो म्हणाला, आणि काच काढायला आत गेला.